माजघरातली परिक्रमा

बदलीचा हुकूम घरात येऊन पडला की त्याचा पहिला परिणाम मुलांच्या खेळावर होतो, असा माझा अनुभव आहे. वडीलधारी माणसे नव्या गावी निवासस्थान मिळेल की नाही, मुलांची शाळा अर्ध्या वर्षात कोण पदरात घेईल, या विवंचनेत गढलेली असतात. आणि मुले त्याच संध्याकाळी माळ्यावरून उतरवलेल्या ट्रंकांची आगगाडी करून तिच्यात बसलेली असतात. महाराष्ट्राबाहेर नोकरीचा जन्म काढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हे दृश्य पाहिले असेल आणि पाहून थोडे समाधानही मानले असेल. मुलांना वाईट वाटत नाही, उलट मौज वाटते, एवढ्यावर आईबापांचे मन हलके होते.

मीही ते तसेच हलके करून घेत असे. किंबहुना, बदली हा एक मोठा प्रवासच आहे, अशी मुलांची समजूत करून देण्याचा परिपाठ मी जाणूनबुजून ठेवला होता. नवे गाव ठरले की नकाशा भिंतीवर लागे. वाटेतली स्थानके पाठ होत. तिकडची माणसे काय खातात, पाण्याला काय म्हणतात, हे जेवताना बोलले जाई. एका मुक्कामी सामान लागून आठ-दहा दिवस झाल्यावर माझ्या मुलीने मला विचारले, “बाबा, आता प्रवास संपला ना? मग परत केव्हा जायचं?” ती तेव्हा सहा वर्षांची होती. मी तिला काहीतरी उत्तर दिले. ते काय होते ते आज आठवत नाही, यावरूनच ते खरे नव्हते हे मी ओळखतो.

मुलीचा तर्क अचूक होता. आपल्या बोलीत प्रवास म्हटला की त्यात परतणे गृहीत असते. सुटीत आजोळी जातो तो प्रवास, कारण आपल्या घराचे कुलूप आपली वाट पाहत असते. बदलीत कुलूपच दुसऱ्याच्या हाती जाते. त्यानंतर एकदा सहज कोश उघडला तेव्हा लक्षात आले की मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ आपल्या बोलीपेक्षा निराळा, आणि आपल्या स्थितीला अधिक लागू पडणारा आहे. ‘प्र’ आणि ‘वस्’: घरापासून दूर राहणे, वस्ती करणे. जाण्याचा त्यात तितकासा संबंध नाही. पती परगावी राहिला आहे अशा स्त्रीला ‘प्रोषितभर्तृका’ म्हणतात, त्यातला ‘प्रोषित’ याच धातूचा. म्हणजे गाडीत बसलेला माणूस नव्हे, तर परक्या गावात चूल मांडून बसलेला माणूस हा खरा प्रवासी. या अर्थाने आपण सगळे निवृत्त होईपर्यंत प्रवासातच असतो, आणि आपली मुले तर जन्मापासूनच.

मग प्रश्न असा उभा राहतो की घरातल्या खेळात प्रवासाचा भाव आणायचा तो कोणता? जाण्याचा, की परक्या ठिकाणी राहण्याचा? पहिला सोपा आहे. त्याची साधने बाजारात पूर्वीपासून मिळतात. लंडनमध्ये 1759 साली जॉन जेफरीज याने युरोपच्या प्रवासाचा एक पट छापला होता; पुढच्याच दशकात जॉन स्पिल्सबरी याने नकाशे लाकडावर डकवून देशांच्या सीमांवर कापले आणि ते मुलांनी जुळवावेत म्हणून विकायला काढले. आज घराघरांत असलेल्या तुकडे जुळवण्याच्या खेळाचा उगम तो. आपल्याकडे मोक्षपट होताच; परंपरा त्याचे नाते ज्ञानदेवांशी जोडते. त्यातही माणूस घरात बसून फार लांबची वाट चालतो, आणि सापाने गिळले तर मागे येतो.

नकाशावरून बोट फिरवण्याला मी निरुपद्रवी समजत आलो होतो. तो समज डळमळीत झाला तो जोसेफ कॉनरॅडमुळे. या पोलिश जन्माच्या इंग्रजी कादंबरीकाराने आपल्या आठवणींत लिहिले आहे की वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास त्याने आफ्रिकेच्या नकाशावरील एका कोऱ्या जागेवर बोट ठेवले आणि मोठेपणी आपण तेथे जाणार असे जाहीर केले. तो गेला. 1890 साली काँगो नदीत एका आगबोटीवर नोकरी धरून गेला, आणि तेथे बेल्जमच्या राजाच्या नावाने चाललेली लूट पाहून शरीराने आणि मनाने खचून परत आला. ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही त्याची 1899 सालची कथा त्या प्रवासातून निघाली. कोरी जागा कोरी नव्हतीच. तेथे माणसे राहत होती. नकाशा करणाराला ती ठाऊक नव्हती, एवढाच त्या कोरेपणाचा अर्थ. मुलाच्या बोटाचा त्यात दोष नाही. पण जगाकडे रिकामी, आपल्यासाठी राखून ठेवलेली जागा म्हणून पाहण्याची सवय कोठून तरी सुरू होत असते, आणि ती खेळातून सुरू होणार नाही अशी खात्री देता येत नाही.

दुसरे उदाहरण याहून अडचणीचे आहे, कारण ते एका थोर नीतिवेत्त्याचे आहे. इमॅन्युएल काँट जन्मभर पूर्व प्रशियाबाहेर गेला नाही. तरीही कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात त्याने सुमारे चाळीस वर्षे प्राकृतिक भूगोलावर व्याख्याने दिली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचे वर्णन त्याने इतके तंतोतंत केले की ऐकणाऱ्या इंग्रज गृहस्थाला हा लंडनमध्ये राहिलेला असावा असे वाटले, अशी आख्यायिका त्याच्या चरित्रकारांनी दिली आहे. खोलीत बसून प्रवास करण्याची ही पराकाष्ठाच. पण त्याच व्याख्यानांत निरनिराळ्या वंशांच्या माणसांविषयी त्याने जी विधाने केली ती आज वाचवत नाहीत. प्रत्येक माणूस हा स्वतःच साध्य आहे, केवळ साधन नव्हे, असे जगाला सांगणाऱ्या लेखणीची ती विधाने आहेत, यावर विश्वास बसत नाही. पुलाची मापे पुस्तकावरून अचूक कळू शकतात. माणसाचे तसे होत नाही; त्याने आपल्याला उलट उत्तर द्यावे लागते, आणि पुस्तकातला माणूस उलट उत्तर देत नाही.

हे सगळे मला फार उशिरा सुचले. सुचण्याचे कारण पुस्तक नव्हते, आमच्या व्हरांड्यातली आगगाडी होती.

1993 च्या सुमारास आम्ही जबलपूरला होतो. माझे काम हिशेबतपासणीचे. सरकारी बंगला जुना, मोठ्या व्हरांड्याचा, मधल्या खोलीला खिडकी नसलेला. तिला आमच्या घरात माजघर म्हणत, एवढ्यावरूनच आम्ही कोठले हे कोणीही ओळखावे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा आईबरोबर येत असे आणि आमच्या मुलांत खेळत असे. आमच्या घरात भेदभाव नाही, याचा मला थोडा अभिमानही होता. त्या वेळी जबलपूरहून गोंदियाकडे अरुंद मापाची छोटी गाडी जात असे (2015 साली ती बंद झाली), आणि मुले तिच्यावर फिदा होती. ट्रंका, पाट, स्वैपाकघरातले डबे यांची तीच गाडी व्हरांड्यात रोज सुटे. मुलगी तिकीट तपासनीस, मुलगा कधी गार्ड कधी प्रवासी, शेजारच्या बंगल्यातली दोघे प्रवासी. तो मुलगा हमाल.

महिनाभर मी ते पाहत होतो आणि मला काहीही खटकले नाही, ही गोष्ट मी येथे मुद्दाम लिहून ठेवतो. एके दिवशी त्यानेच विचारले, “आज मी खिडकीशी बसू?” मुलीने त्याला फार गोड आवाजात समजावले की मग सामान कोण उचलणार? त्या आवाजात मला माझा स्वतःचा आवाज ऐकू आला. प्रवासभत्त्यावर, वरच्या वर्गाच्या डब्यातून, फलाटावर शिपाई उभा असताना मी जो प्रवास करीत आलो त्याचेच मुलांनी हुबेहूब रूप उभे केले होते. त्यांच्या खेळात प्रवासाचा भाव होताच. तो मीच आणला होता. प्रवास म्हणजे आपण बसणे आणि इतरांनी आपल्यासाठी धावणे.

मी काय केले? जे कोणताही अधिकारी करील तेच. नियम काढला. प्रत्येकाने पाळीपाळीने हमाल व्हावे, पाळी एका दिवसाची. खेळ दोन दिवसांत मेला. मुलांच्या खेळावर परिपत्रक लागू होत नाही. न्याय म्हणून हमाल झालेला माझा मुलगा रडवेला होऊन डबे ओढी, आणि खिडकीशी बसवलेला तो मुलगा शाळेत उभे केल्यासारखा ताठ बसे. कोणालाच कोठे जायचे नव्हते.

येथे मला रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’ नाटकातल्या अमलची आठवण होते. 1912 साली प्रसिद्ध झालेल्या त्या नाटकातील हा आजारी मुलगा घराबाहेर पडू शकत नाही; खिडकीशी बसून असतो. पण त्याच्याइतका प्रवासी मुलगा साहित्यात विरळा. रस्त्याने जाणाऱ्या दहीवाल्याला तो थांबवतो, त्याचे गाव विचारतो, आणि आपणही दहीवाला व्हावे असे त्याला मनापासून वाटते. दहीवाल्याकडून दही आणवून घ्यावे असे नव्हे, दहीवाला व्हावे. नियमाने आलेली पाळी आणि इच्छेने घेतलेली भूमिका यांतला फरक हाच असावा. अमल आधी गाव विचारतो. आमच्या व्हरांड्यात त्या मुलाला त्याचे गाव कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

पुढचे जे घडले त्याचे श्रेय माझ्याकडे नाही. ग्वारीघाटावर आम्ही रविवारी जात असू. तेथे पांढऱ्या वस्त्रांतले परिक्रमावासी मुलांना दिसले. माझ्या पत्नीने त्यांना माहिती सांगितली: अमरकंटकापासून भडोचपर्यंत 1312 किलोमीटर वाहणारी ही नदी, तिची हे लोक पायी प्रदक्षिणा करतात; नदी सदैव उजव्या हाताला ठेवायची; मुखाशी नावेतून पलीकडे जातात तेवढे सोडले तर पात्र ओलांडायचे नाही; अन्न मागून खायचे; आणि जुन्या रीतीने चालायचे तर तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस लागतात. घरी आल्यावर मुलीने आईची एक जुनी निळी साडी मागून घेतली आणि स्वैपाकघरातल्या माठापासून व्हरांड्यातल्या मोरीपर्यंत पसरली. माठ अमरकंटक, मोरी भडोच. (मोरीचा मान भडोचला मिळाल्याबद्दल तिकडच्या वाचकांनी क्षमा करावी.) माजघरात ओंकारेश्वर आणि महेश्वर, स्वैपाकघराच्या उंबऱ्यापाशी मंडला.

हा खेळ तीन-चार महिने चालला. मी त्यात काही केले नाही. केले असते तर तोही बंद पडला असता. पण दारातून पाहताना माझ्या ध्यानात काही गोष्टी आल्या. या प्रवासात हमाल नव्हता, कारण प्रत्येकाचे गाठोडे प्रत्येकाच्या पाठीवर होते. खिडकी नव्हती, म्हणून खिडकीचे भांडणही नव्हते. आणि दर मुक्कामाला कोणापुढे तरी उभे राहून ‘नर्मदे हर’ म्हणून मागावे लागे. माझी मुलगी, जिने कधी कोणाकडे काही मागितले नव्हते, ती आपल्याच आईपुढे ओंजळ करून उभी राहताना लाजली. पत्नीने तिला खाऊ न देता रीतसर सदावर्त दिले: मूठभर पीठ, चिमूटभर मीठ, थोडी डाळ. “हे कच्चंच?” “शिजवून कोण देईल? तू वाटसरू आहेस.” परक्या दारी मागणारा असणे, हा प्रवासाचा मूळ अनुभव; भत्ता घेऊन फिरणाऱ्या आम्हा लोकांना तो कधीच येत नाही. आपण नव्या प्रांतात जातो ते हुकूम घेऊन जातो. त्या प्रांताची भाषा, पाणी, शेजार आपण मागत नाही, ताब्यात घेतो, आणि मग तिकडच्या लोकांत आपुलकी नाही अशी तक्रार करतो.

खेळाच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात तो मुलगा मंडला सोडून माजघराकडे चालताना मध्येच थांबला. म्हणाला, इथून वाट नाही. मुलीने साडीकडे बोट दाखवले. नदी इथे, वाट तिच्या काठाने. त्याने मान हलवली. मग तो दोरीवरच्या दोन चादरी ओढून घेऊन आला आणि साडीच्या दोन्ही अंगांना पसरू लागला. जेवणाच्या टेबलाचे पाय बुडाले. माझ्या मुलाची शाळेची पिशवी बुडाली. मुले ओरडली, “अरे, इथे आमचा मुक्काम आहे!” तो शांतपणे म्हणाला, “इथे आमचं गाव आहे. सगळं पाणी आहे. वाट वरून डोंगरातून जाते.”

बरगीचे धरण 1990 साली पुरे झाले. राणी अवंतीबाई लोधी सागर हे त्याच्या जलाशयाचे अधिकृत नाव. मंडला, सिवनी आणि जबलपूर या जिल्ह्यांतील 162 गावे त्याच्या पाण्याने बाधित झाली. जमीन गेलेली कितीतरी कुटुंबे जबलपूर शहरात आली आणि त्यांतले पुष्कळ पुरुष सायकलरिक्षा ओढू लागले. त्या मुलाचा बाप त्यांपैकी एक. मी ज्या रिक्षाने कधीकधी कचेरीतून घरी येत असे ती त्याचीही असू शकेल. मी चालकाचे तोंड पाहिले नव्हते. 162 हा आकडा मात्र मला ठाऊक होता. आकडे मला ठाऊक असतात.

धरणाच्या बऱ्यावाईटाचा निवाडा येथे करण्याचा माझा अधिकार नाही. त्याच्या पाण्यावर पिकलेली शेते आणि पेटलेले दिवे हेही खरेच आहेत. माझा प्रश्न लहान आहे. आमच्या व्हरांड्यात महिनाभर प्रवासाचा खेळ चालला होता, आणि त्या सर्व मुलांत ज्याने परतीचे तिकीट नसलेला प्रवास प्रत्यक्ष केला होता तोच एकटा सामान उचलत होता. माझ्या मुलीने मला विचारलेला प्रश्न, परत केव्हा जायचे, त्याने आपल्या बापाला विचारला असेल काय? आणि त्या बापाजवळ तरी कोणते उत्तर असेल? आमच्या दोघांच्या स्थितीत तुलना करण्यासारखे फारसे नाही, हे मला समजते. मला घरभाडे मिळत होते. तरीही ‘घरापासून दूर वस्ती’ हा शब्दाचा मूळ अर्थ आमच्या दोघांच्या मुलांना एका साडीच्या दोन काठांवर आणून उभा करीत होता, आणि तो जुळवण्याचे काम मुलांनी केले.

त्या दिवसानंतर खेळातली वाट बदलली. मंडल्यानंतर सगळी मुले खुर्च्यांवर चढून, ‘डोंगरातून’, चादरींना वळसा घालून पुढे जात. तो पुढे असे, कारण ती वाट त्यालाच माहीत. पाण्याखाली काय काय आहे ते तो चालता चालता सांगे: शाळा, महुव्याचे झाड, आजोबांची विहीर. विहीर पाण्याखाली कशी असेल, हे माझ्या मुलाला फार दिवस उलगडेना.

मुलांच्या खेळाला असे जड करावे काय, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो मला मान्य आहे. खेळाचा पाठ झाला की खेळ उरत नाही, हे मी नियम करून पाहिलेच आहे. मी तर म्हणेन की मोठ्यांनी फार तर एक जुनी साडी द्यावी आणि बाजूला व्हावे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा, आणि तो मीच माझ्यावर घेतो. खेळात तो मुलगा पुढे चालत होता. खेळ संपला की स्वैपाकघराच्या पायरीवर बसून चहा पीत होता, निराळ्या कपातून. तो कप बदलायला माझ्या पत्नीला आणि मला आणखी तीन महिने लागले. मुलांनी जे एका दुपारी केले ते आम्ही इतक्या सावकाश केले, आणि तेही कोणाच्या ध्यानात येऊ नये अशा बेताने.

फिरत्या नोकरीने मुलांची मुळे तुटतात, असे आपल्यात नेहमी बोलले जाते. काका कालेलकरांचे वडील सरकारी नोकरीत होते आणि त्यांच्याबरोबर मुलाचे बालपण गावोगाव गेले. त्या मराठी मुलाने पुढे गुजरातीत लिहिले, नद्यांवर लिहिले, आणि दुसऱ्या भाषेच्या घरात इतके आपलेपण मिळवले की 1965 चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना गुजराती ग्रंथासाठी मिळाला. प्रत्येक बदलीवाल्याच्या घरी कालेलकर निपजत नाही, हे खरे. पण मुळे तुटण्याची भीती घालताना मूळ ज्या मातीत धरायचे तिची चौकशी आपण किती करतो, हेही पाहावे.

आमचा जबलपूरचा मुक्काम दोन वर्षांनी संपला. हुकूम हैदराबादचा होता. इटारसीला गाडी बदलायची होती. ट्रंका पुन्हा व्हरांड्यात आल्या, पण या खेपेला त्यांची आगगाडी झाली नाही. सामान उचलायला माणसे आली होती. तो मुलगाही आला आणि न सांगता एका ट्रंकेचे एक कान धरून उभा राहिला. दुसरे कान माझ्या मुलीने धरले. ट्रंक तिच्या ताकदीबाहेरची होती. मी पुढे होणार होतो, पण पत्नीने मला थांबवले. जिन्यापाशी दोघांनी ती दोनदा खाली ठेवली.

निघताना मुलीने त्याला निळी साडी देऊ केली. त्याने ती घेतली नाही. म्हणाला, “तुमची गाडी पुलावरून जाणार. म्हणजे तुम्ही ओलांडणार. माझी अजून चालू आहे.”

जबलपूर सुटल्यावर काही वेळाने गाडी नर्मदेवरच्या पुलावर आली. डब्यातल्या लोकांनी खिडकीतून नाणी टाकली, हात जोडले. माझा मुलगा नाण्यासाठी हट्ट करू लागला. मुलगी खिडकीशीच बसली होती, पण तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. पुलाचा खडखडाट संपल्यावर तिने ते उघडले आणि विचारले, “बाबा, आत्ता तो घरी गेला असेल. त्याच्या उजव्या हाताला असेल ना नदी?”

त्याचे घर शहरात कोठे आहे हे मला ठाऊक नव्हते. मी तिला तसे सांगितले.